नाक मोजून काय कळते?

चाफेकळी नाक, पोपटनाक, धारदार नाक, बसके नाक, फेंदारलेले नाक. मराठीत नाकाला जेवढी विशेषणे आहेत तेवढी कानाला नाहीत. आपण नाक मुरडतो, नको तिथे नाक खुपसतो, प्रसंगी नाक घासतो आणि नाकाने कांदे सोलणारी माणसे तर प्रत्येक गावात असतात. बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात डोकावून पहिल्यांदा बाळाचा रंग पाहतात आणि मग नाक. ते आईच्या वळणावर गेले की वडिलांच्या, यावर घटकाभर चर्चा होते.

इथपर्यंत सारे गमतीचे आहे. परंतु सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी आपल्या देशात एका मोठ्या सरकारी अधिकाऱ्याने कंपास घेऊन हजारो माणसांची नाके मोजविली आणि त्या मापांवरून समाजात कोण वर व कोण खाली हे सांगता येते, असे शास्त्राच्या नावाने जाहीर केले. ते खरे होते काय? खोटे असेल तर ते कशावरून ठरले? या लेखात आपण त्याचा तपास करणार आहोत.

तुम्ही म्हणाल, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने नाकांच्या भानगडीत कशाला पडावे? त्याचे उत्तर असे की या गोष्टीतील दोन मोठी माणसे मुळात पदार्थविज्ञानाचीच आहेत. शिवाय येथे मुख्य प्रश्न मोजमापाचा आहे आणि मोजमापातील चुका हा आमच्या प्रयोगशाळेतला नित्याचा विषय.

रिस्ले यांचा दावा

हर्बर्ट रिस्ले हे ब्रिटिश सनदी अधिकारी. इ. स. १८८५ पासून बंगाल प्रांतातील जातिजमातींच्या पाहणीचे काम त्यांच्याकडे आले आणि पुढे १९०१ च्या शिरगणतीचे ते प्रमुख झाले. त्या काळी युरोपात मानवमिती, म्हणजे माणसाच्या शरीराची मापे घेण्याचे शास्त्र, भरात होते. त्यातील एक माप म्हणजे नासिका-निर्देशांक. तो काढणे सोपे आहे. दोन भुवयांच्या मधल्या खळगीपासून, नाक वरच्या ओठाला जेथे मिळते तेथपर्यंतची उंची मोजायची. मग नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमधील रुंदी मोजायची. रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की झाला निर्देशांक. तो ७० पेक्षा कमी असेल तर नाक अरुंद, ७० ते ८५ मध्यम, ८५ च्या वर रुंद, अशी वर्गवारी केली जाई.

रिस्ले यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: एखाद्या प्रांतातील जाती सरासरी नासिका-निर्देशांकाच्या क्रमाने लावा. सर्वांत अरुंद नाकाची जात सर्वांत वर, रुंद नाकाची खाली. हा क्रम समाजातील उच्चनीचतेच्या क्रमाशी जुळतो. याचा अर्थ जातिभेद हा वंशभेदच आहे.

हा नुसता पुस्तकी विचार नव्हता. १९०१ च्या शिरगणतीत जातींची सामाजिक दर्जानुसार क्रमवारी लावण्याचा उद्योग झाला. आमची जात चुकीच्या पायरीवर टाकली, म्हणून ठिकठिकाणच्या जातिसंस्थांनी सरकारकडे अर्जांचा पाऊस पाडला. दर्जा ठरवण्याचे काम सरकारी कचेरीत होऊ लागले आणि त्याला आधार म्हणून शास्त्राचे बोट दाखवता येऊ लागले. म्हणून हे शास्त्र तपासून पाहणे भाग आहे.

एक मिलिमीटरची किंमत

समजा एका मुलाच्या नाकाची उंची ५० मिलिमीटर व रुंदी ३६ मिलिमीटर आहे. निर्देशांक ७२ आला, म्हणजे नाक मध्यम. आता मापात एक मिलिमीटर चूक होऊ द्या. चूक होणारच, कारण नाक म्हणजे पितळी दंडगोल नव्हे. नाकपुडी मऊ असते, किंचित दाबली तरी रुंदी कमी भरते, आणि भुवयांमधली खळगी नक्की कोठे सुरू होते यावर दोन मोजणाऱ्यांचे एकमत होत नाही. रुंदी ३५ आणि उंची ५१ मोजली गेली तर निर्देशांक ६८.६ येतो. रुंदी ३७ आणि उंची ४९ मोजली गेली तर ७५.५ येतो. नाक तेच, मुलगा तोच, पण पहिल्या वेळी तो अरुंद नाकाच्या वर्गात बसतो आणि दुसऱ्या वेळी मध्यम नाकाच्या. एका मिलिमीटरने वर्ग बदलतो!

रिस्ले यांच्या बाजूने कोणी म्हणेल की ते एका माणसाचे माप धरत नव्हते, सरासरी काढत होते. हे बरोबर आहे. इकडे-तिकडे होणाऱ्या चुका सरासरीत एकमेकींना खातात. शंभर मापांच्या सरासरीतील चूक एका मापातील चुकीच्या सुमारे दहावा हिस्सा उरते. परंतु एक अट आहे. चुका दोन्ही दिशांना सारख्या झाल्या पाहिजेत. येथे माप घेताना समोरचा माणूस कोणत्या जातीचा हे मोजणाऱ्याला आधीच ठाऊक असे. निष्कर्ष मनात धरून मोजणाऱ्याचा कंपास नकळत एकाच बाजूला झुकू शकतो, आणि अशी चूक हजार मापे घेतली तरी जात नाही. वर्गात लंबकाचा प्रयोग करताना g चे मूल्य ९८० च्या आसपासच यावे म्हणून विद्यार्थी काय काय करतात, ते तुम्हांला मी सांगायला नको.

पण ही शंका बाजूला ठेवू आणि सरासऱ्या अचूक आहेत असे धरू. तरीही सरासरी काय सांगते आणि काय लपवते हे पाहिले पाहिजे. समजण्यासाठी मी दोन काल्पनिक गट घेतो. पहिल्याची सरासरी ७२, दुसऱ्याची ७५, आणि दोन्हींत प्रमाण विचलन ६, म्हणजे गटातील सुमारे दोन-तृतीयांश माणसे आपापल्या सरासरीच्या अलीकडे-पलीकडे सहा अंकांत सापडतात. आता दोन्ही गटांतून डोळे मिटून एकेक माणूस उचला. दुसऱ्या गटातील माणसाचे नाक अधिक रुंद निघण्याची शक्यता किती? गणित केले तर शंभरात सुमारे ६४ येते. उरलेल्या ३६ वेळा उलट होईल. नाणेफेकीपेक्षा हे थोडेसेच बरे. दोन सरासऱ्यांमधले अंतर कागदावर ठसठशीत दिसते, परंतु माणसे मात्र एकमेकांत मिसळून उभी असतात.

मालवणच्या संस्कृतच्या विद्यार्थ्याने काय पाहिले

रिस्ले यांच्या दाव्याला पहिला मोठा धक्का देणाऱ्यांत गोविंद सदाशिव घुर्ये हे मराठी नाव आहे. १८९३ साली मालवणला जन्मलेले घुर्ये मुळात संस्कृतचे विद्यार्थी. पुढे केंब्रिजला जाऊन ते मानवशास्त्र शिकले आणि मुंबई विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राच्या विभागाचे प्रमुखपद सांभाळले. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जात आणि वंश या विषयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी नवी नाके मोजली नाहीत. उपलब्ध मापेच पुन्हा मांडून पाहिली. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: हा क्रम प्रत्येक प्रांतात जुळतो काय?

उत्तर प्रदेशाच्या बाजूला तो बऱ्यापैकी जुळत होता. इतरत्र जुळत नव्हता. महाराष्ट्रात, बंगालात, दक्षिणेत वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीची मापे दूरच्या प्रांतातील त्याच वर्णाच्या लोकांपेक्षा शेजारच्या इतर जातींशी अधिक मिळतीजुळती दिसत होती. एका प्रांतातील निरीक्षण सगळ्या देशावर पसरवले की नियम तयार झाल्यासारखा वाटतो. पाणी १०० अंशांवर उकळते हे मुंबईत पाहून महाबळेश्वरीही तसेच असेल म्हणण्यासारखे हे आहे.

मग नाके अरुंद-रुंद का असतात? याचा काही भाग हवेशी निगडित आहे. आपण दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती फुप्फुसांत पोचण्यापूर्वी गरम व दमट व्हावी लागते, नाहीतर आतील नाजूक पटल कोरडे पडते. हे काम नाक करते. अरुंद मार्गातून जाणाऱ्या हवेचा ओलसर भिंतींशी अधिक संबंध येतो, म्हणून थंड व कोरड्या प्रदेशात असे नाक उपयोगी. उष्ण व दमट प्रदेशात त्याची तेवढी गरज नाही. जगभरच्या नाकांचा निर्देशांक आणि तेथील हवामान यांचा संबंध टॉमसन व बक्स्टन यांनी १९२३ सालीच दाखवला होता. २०१७ साली त्रिमिती छायाचित्रांच्या मदतीने झालेल्या एका अभ्यासातही नाकपुड्यांची रुंदी तपमानाशी आणि हवेतील बाष्पाशी निगडित आढळली. म्हणजे नाक काही सांगत असेलच तर ते पूर्वजांनी कशा हवेत श्वास घेतला ते सांगते. पंगतीत त्यांचे पान कोठे मांडले जाई, ते नव्हे.

समुद्राचा रंग मोजणारा माणूस

आता अमेरिकेकडे वळू. फ्रान्झ बोआस यांचा जन्म जर्मनीतला. १८८१ साली त्यांनी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली. विषय होता पाण्याचा रंग आणि त्यात होणारे प्रकाशाचे शोषण. पुढे १८८३ साली ते उत्तर ध्रुवाजवळील बॅफिन बेटावर गेले, तेथील इनुइट लोकांत वर्षभर राहिले, आणि पदार्थविज्ञान मागे पडून माणसांचा अभ्यास हेच त्यांचे आयुष्य झाले. (आमचे एक चांगले माणूस गेले, असे मला नेहमी वाटते.)

त्या काळी अमेरिकेत युरोपातून लोंढेच्या लोंढे येत होते. हे लोक वंशाने वेगळे, त्यांची डोकीच वेगळ्या घडणीची, ते कधी आपल्यासारखे होणार नाहीत, अशी ओरड चालू होती. डोक्याची रुंदी भागिले लांबी हा शीर्ष-निर्देशांक वंशाची न बदलणारी खूण मानला जाई. बोआस यांनी १९०८ ते १९१० या काळात न्यूयॉर्कमध्ये सुमारे अठरा हजार माणसांची मापे घेवविली. त्यांच्या योजनेतील खुबी अशी की त्यांनी एकाच समाजातील युरोपात जन्मलेली आणि अमेरिकेत जन्मलेली मुले वेगळी काढून त्यांची तुलना केली. रक्त तेच, जन्माचा देश वेगळा. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांची अमेरिकेत जन्मलेली मुले किंचित लांबट डोक्याची निघाली; सिसिलीहून आलेल्यांची किंचित गोल डोक्याची. न बदलणारी खूण एका पिढीत हलली होती.

या निष्कर्षावर पुढे वाद झाला. बोआस यांनी १९२८ साली आपली सारी मूळ मापे छापून टाकली होती, त्यामुळे पाऊणशे वर्षांनी संगणकावर ती पुन्हा तपासता आली. २००२ साली एका जोडीने म्हटले की बदल फारच लहान आहे, समाजासमाजांतील फरक त्याहून मोठे आहेत. २००३ साली दुसऱ्या तिघांनी म्हटले की बदल लहान असला तरी खरा आहे आणि बोआस यांचा मूळ मुद्दा टिकतो. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण बोआस यांचे म्हणणे ‘आनुवंशिकता काहीच नाही’ असे नव्हतेच. पण त्याहून मोलाची गोष्ट ही की वाद घालण्यासाठी आकडे उघड्यावर होते.

उंच माणसाचे हात दोनदा मोजू नका

दुसरे पदार्थविज्ञानवाले म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबीस. हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. १९२० साली नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले असता तेथे त्यांची गाठ प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांच्याशी पडली. अ‍ॅनन्डेल यांच्याजवळ कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापे होती. त्यांचे काय करावे ते कळत नव्हते. महालनोबीस यांनी ते काम घेतले आणि त्यातून भारतात संख्याशास्त्राचा एक नवा संसार उभा राहिला.

त्यांना पडलेला प्रश्न असा. दोन समाज शरीराने एकमेकांपासून किती दूर आहेत हे एका संख्येत कसे सांगावे? उंची, हातांची लांबी, पायांची लांबी, डोक्याची रुंदी अशी दहा मापे घेतली आणि दहांचे फरक सरळ मिळवले, तर गोंधळ होतो. उंच माणसाचे हातही लांब असतात आणि पायही. तोच उंचपणा आपण तीनदा मोजतो. महालनोबीस यांनी मापांचा आपसांतला सहसंबंध आणि गटाच्या आतला पसारा दोन्ही हिशेबात घेणारे ‘अंतर’ शोधून काढले. १९३६ साली त्याचे पूर्ण रूप प्रसिद्ध झाले. आज महालनोबीस-अंतर हे बँकेतील खोटे व्यवहार पकडण्यापासून उपग्रहाच्या चित्रांतील पिके ओळखण्यापर्यंत वापरले जाते. ते नाक-डोक्यांच्या मापांतून जन्मले हे फार थोड्यांना ठाऊक असते. जाता जाता सांगायचे तर १९३३ साली त्यांनी रिस्ले यांचे बंगालचे तक्तेही तपासले आणि आकड्यांतील विसंगती शोधून दुरुस्त केल्या.

रक्तगट आणि प्रथिने यांचा अभ्यास सुरू झाल्यावर हाच प्रश्न अधिक खोलवर विचारता आला. अमेरिकेतील रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली जगभरच्या लोकांच्या १७ जनुकीय गुणांचे आकडे जमवून मनुष्यजातीतील एकूण विविधतेची वाटणी केली. सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत सापडली. तथाकथित मोठ्या वंशांमधील फरकांच्या वाट्याला सहा-सात टक्के आले. उरलेली विविधता वंशांच्या आतील वेगवेगळ्या समूहांमधली. उद्या एका गावाखेरीज सारी माणसे नाहीशी झाली तरी मनुष्यजातीच्या विविधतेचा मोठा भाग त्या गावात शिल्लक असेल.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. यावरून ‘समूहांत फरकच नाहीत’ असे म्हणणे चूक होईल. एका जनुकावरून माणूस कोठला ते सांगता येत नाही, पण शेकडो जनुके एकत्र धरली तर त्याचे पूर्वज जगाच्या कोणत्या भागातले हे बरेचदा सांगता येते. थेंब थेंब माहिती महालनोबीसांच्या पद्धतीने गोळा केली की ती पुरेशी होते. केंब्रिजचे एडवर्ड्स यांनी २००३ साली हा मुद्दा स्पष्ट केला. मात्र पत्रावरच्या पिन कोडवरून पत्र कोणत्या गावचे ते कळते, आत काय लिहिले आहे ते कळत नाही, हे विसरू नये.

एकशे एकोणपन्नास कवट्या

आता इरावती कर्वे यांच्याकडे येऊ. अनेकांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून माहीत असतात. त्यांनी मुंबईला घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राची पदवी घेतली आणि मग संशोधनासाठी त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत गेल्या. मानवी आनुवंशिकता आणि वंशसुधारणा हा त्या संस्थेचा विषय. नाझी सत्तेवर आल्यानंतर फिशर यांनी त्यांना साथ दिली आणि त्या शास्त्राचा शेवट कोठे झाला ते इतिहासात आहे.

इरावतीबाईंना मिळालेला विषय कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमतेचा होता. युरोपीय माणसाची कवटी अधिक विषम असेल आणि त्याचा संबंध त्याच्या बुद्धीशी असेल, अशी फिशर यांची अटकळ होती. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. विषमता सगळ्याच कवट्यांत होती, आणि ती वंशाशी बांधलेली नव्हती. परदेशातून आलेल्या पंचविशीतील विद्यार्थिनीने गुरूच्या मनातले उत्तर न देता मापांनी दिलेले उत्तर प्रबंधात लिहिले. मार्क परीक्षकाच्या हाती असताना हे करणे किती कठीण असते, ते विद्यार्थ्यांना कळेल.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी मोजमाप सोडले नाही. १९६८ साली कैलास मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची शरीरमापे, रक्तगट इत्यादींची तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एक, पण आपसांत लग्ने न करणाऱ्या या आठ गटांत लक्षणीय फरक आढळले. एका मूळ वंशाचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे चित्र त्यांना मान्य नव्हते. निरनिराळे गट एका नावाखाली शेजारी शेजारी येऊन बसले असावेत, असे त्या म्हणत.

परंतु कंपासाने काय कळत नाही, तेही त्यांना चांगले ठाऊक होते. त्या आळंदीहून पंढरीच्या वारीत चालत गेल्या. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चालणारी माणसे जेवायच्या वेळी जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांनी टिपून ठेवले. ही रेषा कोणत्याही कवटीवर सापडत नाही. ती पाहायला दिंडीबरोबर चालावे लागते.

मामेबहीण आणि मावसबहीण

माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण त्यांच्या भारतातील नातेसंबंधांवरच्या १९५३ च्या ग्रंथात आहे. कागद-पेन्सिल घ्या.

तुमची आई आणि तुमचा मामा सख्खी भावंडे. त्यांची जनुके सरासरीने निम्मी सामाईक असतात. आईकडून त्यांतली निम्मी तुम्हांला आली, मामाकडून निम्मी त्याच्या मुलीला. म्हणजे तुम्ही आणि मामेबहीण यांच्यात सामाईक भाग १/२ × १/२ × १/२, म्हणजे १/८. आता हेच मावसबहिणीसाठी करा. १/८. आतेबहिणीसाठी, चुलतबहिणीसाठी करा. प्रत्येक वेळी १/८. जीवशास्त्राच्या दृष्टीने या चौघी अगदी समान अंतरावर उभ्या आहेत.

समाजाच्या दृष्टीने? उत्तर भारतातील बहुतेक हिंदूंत चौघीही बहिणी. लग्नाचा विचारही पाप. दक्षिणेत अनेक समाजांत मामाची आणि आत्याची मुलगी हक्काची वधू, पण मावशीची आणि काकाची मुलगी मात्र बहीणच. महाराष्ट्र मध्ये. येथे अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करणे चालते, कित्येकदा पसंतही असते, पण आत्याची मुलगी करणे चालत नाही. चारही अपूर्णांक सारखे असता एकीला कुंकू लावायचे आणि तिघींकडून राखी बांधून घ्यायची! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही अशी लग्ने निषिद्ध ठरवताना, रूढी असेल तर मुभा ठेवली आहे.

हा भेद जनुकांतून आलेला नाही. पण त्याचा परिणाम मात्र जनुकांवर होतो, आणि हे ध्यानात घेतल्याखेरीज चित्र पुरे होत नाही. अशा जोडप्याच्या अपत्यात सरासरीने सोळापैकी एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. त्यांपैकी एखादी सदोष असेल तर आजार प्रकट होण्याचा संभव वाढतो. जातीतल्या जातीत लग्न करण्याचेही तसेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील निरनिराळ्या मुळांचे लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले, आणि त्यानंतर हे मिसळणे थांबत गेले. दक्षिणेतील वैश्य समाजात काही व्यक्तींच्या शरीरात एक विशिष्ट विकर नीट काम करत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी देतात ते सक्सिनिलकोलीन नावाचे औषध त्यांच्या रक्तात लवकर मोडत नाही आणि रुग्णाचा श्वास बराच वेळ पूर्ववत होत नाही. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि शतकानुशतके आपसांतच लग्ने केलेल्या समाजात असा दोष साठून राहतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो माहीत असावा लागतो.

रिस्ले यांनी बाण नेमका उलटा काढला होता. शरीरातील फरकांमुळे समाजातील भिंती झाल्या, असे ते म्हणत. भिंती माणसांनी घातल्या आणि पुरेशी वर्षे गेल्यावर त्यांची सावली शरीरावर पडली, हे आज दिसते. म्हणून ज्याला माणूस समजून घ्यायचा आहे त्याला रक्तगटाचा तक्ता आणि रूढींचा इतिहास शेजारी शेजारी उघडून बसावे लागते. आपल्या शाळांत हे दोन विषय दोन वेगळ्या तासांना, बहुधा दोन वेगळ्या शाखांत शिकवले जातात, ही अडचण आहे.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. त्याला कंपासही लागत नाही. मुलांना घरी आजीला विचारून नात्यांच्या शब्दांची यादी करायला सांगा. प्रत्येक नात्यापुढे वर केला तसा हिशेब करून अपूर्णांक लिहा: सख्खी आत्या १/४, मामी शून्य, सासू शून्य, असे. मग वर्गात हिंदी आणि कानडी बोलणारी मुले असतील तर त्यांचे शब्द शेजारच्या रकान्यांत भरा. हिंदीत बुआ, मामी आणि सास असे तीन निराळे शब्द येतील. कानडीत तिघींसाठी ‘अत्ते’ हा एकच शब्द येईल. मराठीत आत्या, मामी, सासू हे तीन शब्द आहेत खरे. पण जुन्या वळणाच्या घरात सून सासूला काय म्हणून हाक मारीत असे, ते आजीला मुद्दाम विचारायला सांगा. ‘आत्याबाई’ म्हणत. मुलाने मामाची मुलगी केली तर त्या मुलीची सासू कोण होते, ते फळ्यावर आकृती काढून मुलांनाच शोधू द्या.